ताट वेगळे, खिडकी बंद

आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे

या वेळच्या टपालात क्षयरोगाविषयीची पत्रे इतकी निघाली की इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून हा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला द्यावा, असे संपादकांचे आणि माझे ठरले. पत्रे संक्षिप्त केली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्राच्या तळाशी नाव न छापण्याची विनंती होती, त्यामुळे नावे दिलेली नाहीत. मधुमेहावर येणाऱ्या पत्रांत अशी विनंती मला कधी आढळलेली नाही.

प्रश्न : माझ्या वहिनीला जूनमध्ये फुप्फुसाचा टीबी असल्याचे निदान झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या सुरू होऊन सात आठवडे झाले आणि ती एकही दिवस चुकलेली नाही. आईने तिचे ताट, वाटी आणि पेला वेगळा केला असून इतरांच्या भांड्यांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाच्या बुडाला लाल नखरंगाचा ठिपका दिला आहे. वहिनी मागच्या खोलीत झोपते. पावसाचे दिवस असल्याने तिथली खिडकी बंदच असते. सात आणि चार वर्षांची दोन मुले आत्याकडे ठेवली आहेत. आता चवथ जवळ आली आहे, मुंबईहून काका येणार आहेत, आणि वहिनीने या वर्षी नेवऱ्यांना (करंज्यांना) हात लावू नये, असे आईचे म्हणणे आहे. हे सर्व आणखी किती दिवस पाळावे? (डिचोली तालुका)

उत्तर : आपल्या पत्रातील दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या : ठिपका दिलेले ताट आणि बंद असलेली खिडकी. आईंनी काळजीपोटी जे केले त्यात कुठेही दुष्टपणा नाही, पण ज्या वाटेने हा रोग येत नाही तिथे पहारा बसला आहे आणि ज्या वाटेने तो येतो ती वाट तशीच सोडलेली आहे.

फुप्फुसाचा क्षयरोग हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, शिंकतो किंवा मोठ्याने बोलतो तेव्हा थुंकीचे अतिशय सूक्ष्म तुषार बाहेर पडतात. त्यांतील पाणी क्षणात सुकते आणि जंतू असलेला जो कण उरतो तो इतका हलका असतो की बंद खोलीत तो काही तास तरंगत राहू शकतो. तो श्वासावाटे फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचला तरच संसर्ग होतो. ताटावर, पेल्यावर, चादरीवर किंवा साडीच्या पदरावर बसलेला जंतू पुन्हा हवेत उडून कोणाच्या फुप्फुसात जात नाही. त्यामुळे उष्ट्या भांड्यांतून, हस्तांदोलनातून, एकाच पाटावर बसण्यातून किंवा एकाच संडासाच्या वापरातून क्षयरोग होत नाही. नेवऱ्यांतून तर नाहीच. त्या तेलातून निघतात.

याउलट उघडी खिडकी दोन कामे करते. खेळत्या हवेमुळे तरंगणारे कण विरळ होतात आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण जंतूंचा नाश करतात. दमट हवेने क्षयरोग होतो, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. पण पावसाळ्यात ओल आत येऊ नये म्हणून आपण घरे जी गच्च लावून घेतो, त्याचा परिणाम मात्र नक्की होतो. पावसाची झड येत असेल तर खिडकीवर बाहेरून पत्र्याची झडप लावून घ्यावी, म्हणजे पाऊस बाहेर राहील आणि वारा आत येईल.

आता मुदतीविषयी. औषधे लागू पडत असतील तर साधारण दोन आठवड्यांत रुग्णाची संसर्ग पसरवण्याची क्षमता झपाट्याने घटते. ‘लागू पडत असतील तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण काही जंतू रिफाम्पिसिनसारख्या मुख्य औषधाला दाद देत नाहीत. म्हणून निदानाच्या वेळीच जंतूची औषधांविषयीची प्रतिकारशक्ती तपासली जाते. हे काम करणारी, लहानशा चिपवर आणि बॅटरीवरही चालणारी ‘ट्रूनॅट’ ही चाचणी ज्या मोलबायो कंपनीची आहे तिचे मुख्यालय आपल्या वेर्ण्यात आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीला २०२० साली मान्यता दिली, हे मी गोव्यातील वाचकांना मुद्दाम सांगतो. वहिनींचा तो अहवाल ‘प्रतिकार नाही’ असा असेल, खोकला कमी झाला असेल आणि वजन वाढू लागले असेल, तर सात आठवड्यांनंतर त्यांना वेगळे ठेवण्याला वैद्यकीय आधार उरत नाही. दोन महिने पूर्ण झाल्यावर थुंकीची पुन्हा तपासणी होते. आईंच्या समाधानासाठी तो कागद त्यांना दाखवावा.

रुग्ण घरात असला की घर बाधते, ही धास्ती जुनी आहे आणि एके काळी डॉक्टरांनाही ती होती. म्हणूनच मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या ठिकाणी आरोग्यधामे उभी राहिली आणि माणसे महिनोन् महिने घरापासून दूर राहिली. १९५६ साली मद्रासमध्ये या धास्तीची रीतसर परीक्षा सुरू झाली. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून एका गटाला आरोग्यधामात ठेवले आणि दुसऱ्याला त्यांच्या स्वतःच्या, दाटीवाटीच्या आणि गरीब घरांत राहू दिले. औषधे दोघांना तीच. आरोग्यधामातल्या रुग्णांचे खाणे चांगले होते, विश्रांती अधिक होती, तरी बरे होण्याच्या प्रमाणात मोठा फरक पडला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुढील काही वर्षे दोन्ही गटांच्या घरच्यांवर लक्ष ठेवले असता, ज्यांचा रुग्ण घरीच होता त्यांच्यात क्षयरोग अधिक आढळला नाही. कारण सरळ आहे : घरच्यांना जो संसर्ग व्हायचा तो बहुतेक निदानापूर्वीच, औषधाविना खोकण्याच्या दिवसांत होऊन गेलेला असतो. जगभरची आरोग्यधामे त्यानंतर हळूहळू ओस पडली. आपल्या घरची मागची खोली मात्र अजून चालू आहे.

म्हणून मुलांना आत्याकडे पाठवण्यापेक्षा तपासणीला नेणे अधिक निकडीचे आहे. घरातील प्रत्येकाची, आणि चार वर्षांच्या धाकट्याची सर्वांत आधी, क्षयरोगासाठी तपासणी व्हायला हवी. रोग नाही असे ठरले तर सुप्त संसर्ग उफाळू नये म्हणून प्रतिबंधक औषधे दिली जातात. पाच वर्षांखालील मुलांच्या बाबतीत ती टाळू नयेत. तेवढे झाले की मुले चवथीला घरीच असू द्यावीत.

ताटाविषयी आणखी एक. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना दरमहा जादा शिधा दिला गेला, आणि ज्यांना तो मिळाला त्या घरांत नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा ताटावर खूण असण्यानसण्याने काही बिघडत नाही. त्यात डाळ, अंडी, मासळी किती वाढली जाते याकडे लक्ष असावे, वहिनींच्याही आणि आईंच्याही. ते ठिपके आपण परस्पर पुसू नयेत. आईंनी स्वतः पुसले तर घरात वाद होणार नाही.

प्रश्न : आमच्या वर्गातील एका मुलीच्या मानेत गाठी आल्या असून त्या टीबीच्या असल्याचे कळल्यापासून काही पालक तिला शाळेत घेऊ नका म्हणून मागे लागले आहेत. मी वर्गशिक्षिका आहे. काय करावे? (फोंडा)

उत्तर : गाठींचा, हाडांचा, मणक्याचा किंवा आतड्याचा क्षयरोग, सोबत फुप्फुस बाधित नसेल तर, दुसऱ्याला होत नाही, जंतूला बाहेर पडण्यासाठी वाटच नसते. तिच्या छातीची तपासणी झाली असल्याची खात्री करून घ्यावी आणि तिला तिच्या नेहमीच्या बाकावर, तिच्या नेहमीच्या मैत्रिणीशेजारी बसवावे. पालकांची सभा घेतलीत तर तिचे नाव उच्चारू नये. एक गोष्ट मात्र सभेत जरूर विचारावी : वर्गातल्या कोणाच्या घरी एखादे मोठे माणूस दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकते आहे का? लहान मुलाला संसर्ग झाला तर तो बहुधा खोकणाऱ्या प्रौढाकडून झालेला असतो.

प्रश्न : गोळ्या सुरू केल्यापासून लघवी लालसर केशरी होते. रक्त जाते आहे का? गोळ्या थांबवाव्यात का? (केपे)

उत्तर : रक्त नव्हे. रिफाम्पिसिनचा रंग आहे. घाम आणि अश्रूंतही उतरतो. गोळ्या थांबवू नयेत. डोळे पिवळे दिसू लागले, सतत उलट्या झाल्या किंवा डोळ्यांना दिसण्यात फरक पडला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : माझ्या बहिणीला पाच वर्षांपूर्वी टीबी झाला होता, सहा महिने औषधे घेऊन ती पूर्ण बरी झाली. आता तिचे लग्न ठरते आहे. रोग रक्तात उतरतो आणि मुलांना होतो, असे नातेवाईक म्हणतात. (पेडणे)

उत्तर : क्षयरोग खानदानी असतो ही समजूत रोगाचा जंतू सापडण्यापूर्वीची आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जंतू दाखवून दिला, तेव्हापासून तिला आधार राहिलेला नाही. एकाच घरात अनेकांना रोग होतो याचे कारण रक्त नसून त्यांनी श्वासात घेतलेली एकच हवा हे आहे. पूर्ण औषधे घेऊन बरी झालेली स्त्री लग्न करू शकते, मुलांना जन्म देऊ शकते आणि अंगावर पाजू शकते. सांगावे की न सांगावे, हे बहिणीने ठरवावे. माझे मत विचाराल तर, विषमज्वर होऊन गेल्याचे आपण ज्या आवाजात सांगतो त्याच आवाजात तिने हेही सांगावे.

प्रश्न : १९८९ साली म्हापशात एका तरुणाला एड्सच्या नावाखाली कोंडून ठेवले होते, तेव्हा मी महाविद्यालयात होतो आणि आम्हा मित्रांना ते योग्यच वाटले होते. आज त्याची खंत वाटते. पण प्रश्न उरतोच. रोगी वेगळा ठेवला तर बाकीचा समाज सुरक्षित राहतो, हे सूत्र चुकीचे कसे? कोविडमध्ये आपण तेच केले ना? (म्हापसा)

उत्तर : आपण प्रांजळपणे लिहिलेत. ती हकिकत तरुण वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. डॉमिनिक डिसोझा हे नियमित रक्तदान करणारे गृहस्थ होते. तपासणीत त्यांच्या रक्तात एचआयव्ही आढळला. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात १९८७ साली जी दुरुस्ती झाली होती तिच्यानुसार अशा व्यक्तीला अलग ठेवता येत होते, आणि त्यांना पोलिसांकरवी नेऊन ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. त्यांच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. १९९२ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था गोव्यात उभी राहिली. त्यांना जिथे ठेवले होते ती इमारत म्हणजे एक बंद पडलेले क्षयरोग आरोग्यधाम होते. एका रोगाच्या भीतीसाठी बांधलेल्या भिंती, ती भीती निराधार ठरल्यावर, दुसऱ्या रोगाच्या भीतीसाठी वापरल्या गेल्या.

आपल्या सूत्राविषयी. अलगीकरण हे औषधासारखे आहे. रोग कोणता, तो पसरतो कसा आणि किती दिवस, हे पाहून त्याची मात्रा ठरते. कोविडचा विषाणू हवेतून पसरत होता आणि बहुतेक रुग्ण काही दिवसच संसर्गजन्य राहत, म्हणून थोड्या दिवसांच्या अलगीकरणात अर्थ होता. क्षयरोगात औषधे सुरू झाल्यानंतरचे पहिले साधारण दोन आठवडे रुग्णाने वेगळ्या, हवेशीर खोलीत झोपावे, तोंडावर मास्क किंवा रुमाल धरावा, एवढी मात्रा पुरते. एचआयव्ही तर एका खोलीत बसण्याने, बोलण्याने, जेवण्याने पसरतच नाही. तिथे कोंडून ठेवण्याने कोणाचेही रक्षण झाले नाही. पुढे देशात या बाबतीत भेदभावाला मनाई करणारा कायदा २०१७ साली झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे.

शिवाय या सूत्रात एक गृहीत दडलेले आहे : रोगी कोण, हे आपल्याला माहीत असते. ते माहीत होण्यासाठी त्याने आपणहून तपासणीला यावे लागते, आणि ज्याला पुढे काय होणार याची धास्ती आहे तो येत नाही. माझ्याकडे मागे एक रिक्षाचालक येत असत. त्यांनी नोंदवहीत दूरच्या गावाचा पत्ता दिला होता. औषधे घेऊन बरे झाल्यावर त्यांनी हसत खरा पत्ता सांगितला. तो माझ्या दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर होता. आरोग्य सेविका घरी आली की वाड्यावर कळेल, म्हणून ते आधी चार महिने खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांवर काढत होते. त्या चार महिन्यांत त्यांच्या घरी बायको आणि वृद्ध वडील होते. वडिलांना पुढे क्षयरोग निघाला.

भीती असली म्हणजे लोक जपून राहतात, असे मलाही एके काळी वाटे. लोक जपतात हे खरे, पण रोगाला नव्हे, नावाला.

प्रश्न : कुंडई औद्योगिक वसाहतीजवळ माझ्या भाड्याच्या खोल्या आहेत. एका खोलीत सहा कामगार राहतात. त्यांतल्या एकाला टीबी निघाला. बाकीचे पाचजण त्याला गावी पाठवून द्या म्हणतात. मी त्याला आठ दिवसांत खोली सोडायला सांगितले आहे. योग्य केले ना? (फोंडा तालुका)

उत्तर : नाही, आणि हे मी आपल्या भाडेकरूपेक्षा बाकीच्या पाचजणांच्या हितासाठी म्हणतो आहे. ज्याला टीबी निघाला तो आता त्या खोलीतला एकमेव तपासलेला माणूस आहे. उरलेल्या पाचांनी गेले काही महिने त्याच बंद हवेत झोपून काढलेले आहेत. तो निघून गेला की सगळ्यांना हायसे वाटेल आणि तपासणीला कोणी जाणार नाही.

संसर्ग झालेल्या प्रत्येकाला रोग होतोच असे नाही. निरोगी माणसांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांना तो आयुष्यात केव्हातरी होतो. पोट भरत नसेल, दारू किंवा तंबाखूचे व्यसन असेल, मधुमेह किंवा एचआयव्ही असेल, तर धोका वाढतो. म्हणून आठ दिवसांची मुदत त्याला देण्याऐवजी पाचजणांना द्यावी, तपासून येण्यासाठी. खोलीच्या मागच्या भिंतीला खिडकी नसेल, आणि अशा खोल्यांना ती बहुधा नसते, तर या निमित्ताने काढून घ्यावी. सहाजणांकडून भाडे घेतो त्याने तेवढे करावे.

त्याला जायचेच असेल तर औषधे तुटू नयेत. सरकारी ‘निक्षय’ नोंदणीत त्याचा क्रमांक असतो, तो घेऊन देशात कुठल्याही सरकारी केंद्रावर उपचार पुढे चालू ठेवता येतो. उपचार चालू असेपर्यंत पौष्टिक आहारासाठी दरमहा मिळणारी ५०० रुपयांची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली आहे. ती त्याच्या बँक खात्यात जमा होते का, एवढी चौकशी आपण केलीत तरी पुष्कळ. अर्धवट सोडलेल्या औषधांमुळे जंतू निगरगट्ट होतात, आणि मग तोच माणूस खऱ्या अर्थाने इतरांसाठी धोकादायक ठरू शकतो.

प्रश्न : लहानपणी बीसीजीची लस घेतली आहे, दंडावर खूण आहे. मग मला टीबी होणार नाही ना? (काणकोण)

उत्तर : होऊ शकतो. बीसीजी बालकांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयरोगापासून आणि अंगभर पसरणाऱ्या गंभीर प्रकारापासून चांगले संरक्षण देते, म्हणून ती जन्मतःच द्यावी. मोठेपणी होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयरोगाविरुद्ध तिचा भरवसा धरता येत नाही.

प्रश्न : आईला तीन आठवडे खोकला आहे. तिला मधुमेहही आहे. ‘उगाच लोकांत चर्चा होईल’ म्हणून ती तपासणीला तयार नाही. थुंकी तपासायला द्यायची म्हणजे नक्की काय करायचे? (साखळी)

उत्तर : दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम किंवा कारणाशिवाय उतरणारे वजन, यांपैकी एक जरी असले तरी तपासणी करावी. मधुमेह असणाऱ्यांना क्षयरोग होण्याची शक्यता दुप्पट-तिप्पट असते, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले होते. तेव्हा आपल्याकडे या जोडीकडे अधिक लक्ष हवे. बहुतेक खोकले क्षयरोगाचे नसतात, हेही आईंना सांगावे.

तपासणी सरकारी केंद्रांत विनामूल्य होते. आधी फोनवर माहिती हवी असेल तर १८००-११-६६६६ हा निःशुल्क क्रमांक आहे. केंद्रातून झाकणाची डबी मिळते. सकाळी उठल्यावर, काही खाण्यापूर्वी, साध्या पाण्याने चूळ भरावी. दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन, छातीतून जोराने खोकून जो दाट बेडका येईल तो डबीत घ्यावा. तोंडातली पातळ लाळ उपयोगाची नाही. झाकण घट्ट लावून डबी लगेच केंद्रात पोहोचवावी. हे सर्व न्हाणीघरात किंवा बंद खोलीत करू नये. मागच्या परसात, माडाखाली, इतर माणसांपासून दूर उभे राहून करावे. उघड्या हवेत बाहेर पडलेले तुषार लगेच विरून जातात.